शांततेचा रकाना

बुधवारी दुपारी जिना चढून कोणीतरी वर आलं, तेव्हा भाऊजींचा डोळा नुकताच लागला होता. तिरपं ऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं. खालून जाणाऱ्या सायकलींच्या घंट्या पाण्याखालून आल्यासारख्या ऐकू येत होत्या.

"वहिनी, कोणीतरी आलंय," ते डोळे न उघडताच म्हणाले.

"आलंय, आणि घाईत आलंय. शेवटच्या चार पायऱ्या दोनच ढांगांत चढल्यात."

वहिनींना सगळे स्टेनोबाई म्हणत. बावीस वर्षं त्यांनी न्यायालयात लघुलेखन केलं होतं. साक्षीदार काय बोलतात ते टिपता टिपता ते काय गाळतात हेही त्यांच्या कानांना कळायला लागलं होतं. नोकरी सोडल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत खासगी तपासाचं काम सुरू केलं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. घरी बसून त्यांना करमायचं नाही, आणि कोणाला तरी मोठ्याने सांगितल्याशिवाय स्टेनोबाईंना विचार सुचायचा नाही. म्हणून तपासाला दोघं बरोबर जात.

आलेली बाई पस्तिशीची होती. हातात फाइल, कपाळावर घाम. तिने स्वतःची ओळख करून दिली. दोन महिन्यांपूर्वी ती रेडिओ केंद्राची संचालिका म्हणून बदलून आली होती.

"तुम्ही दुपारताईंचा कार्यक्रम ऐकायचात का?" तिने खुर्चीत बसत विचारलं.

भाऊजी खाडकन जागे झाले. "ऐकायचो का? अहो, तीस वर्षं! 'खिडकीतलं ऊन', साडेतीन ते चार. आधी खिडकीची कडी काढल्याचा आवाज. मग बाहेर काय दिसतंय ते ताई सांगायच्या. मग एका श्रोत्याचं पत्र. मग पाऊण मिनिट काहीच नाही. नुसती शांतता. त्या वेळात आमच्या गल्लीतली मांजरंसुद्धा गप्प बसायची. मग गाणं, आणि शेवटी पुन्हा कडी लावल्याचा आवाज."

"बरोबर. येत्या शनिवारी ताईंना जाऊन वर्ष होतंय. त्यांचा शेवटचा भाग कधी प्रसारितच झाला नव्हता. दवाखान्यात जायच्या आठवडाभर आधी त्यांनी तो केला. पत्रकावर 'राखीव' असा शेरा होता. शनिवारी तो वाजवायचा असं मी महिनाभर जाहीर करतेय. सोमवारी सकाळी खोका काढायला गेले, तर जागेवर खोका नाही. ड्रॉवरमधून पत्रकही गायब."

"पत्रक म्हणजे?" स्टेनोबाईंनी विचारलं.

संचालिकेने फाइलमधून दोन कागद काढले. एक पिवळा पडलेला, छोटा. त्यावर नाव, तारीख, निवेदन, ध्वनिमुद्रण एवढंच. दुसरा पांढरा, लांबलचक, रकान्यांनी भरलेला.

"प्रत्येक टेपचं एक पत्रक असतं. पत्रक हरवलं की टेप हरवल्यातच जमा, कारण साडेबारा हजार खोके सगळे सारखेच दिसतात. हा जुना नमुना, आणि हा मी मुख्यालयातून आणलेला नवा. यात मिनिटामिनिटाचं वर्णन लिहायचं. संग्रहपाल एकेक टेप पूर्ण ऐकतात आणि नवं पत्रक टंकतात."

स्टेनोबाईंचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. "दोष?"

"खरखर, खोकला, अडखळणं. आणि दहा सेकंदांहून जास्त शांतता."

"मग दुपारताईंची पाऊण मिनिटं?"

संचालिका जरा चपापली. "ती दोषातच लिहावी लागतील. नव्या नमुन्यात शांततेसाठी वेगळा रकाना नाही."

भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांच्या चित्रावर शाई सांडली होती.

"संग्रहाच्या किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याखेरीज तिघांकडे. संग्रहपाल, ध्वनिमुद्रक आणि ताईंची भाची. ताईंची वेळ आता तीच सांभाळते. फाटकावरचा पहारेकरी येताजाता प्रत्येकाची पिशवी बघतो. महिन्याभरात एकही खोका बाहेर गेला नाही आणि आतही आला नाही. गंमत म्हणजे आणखी काही गेलंय का ते पाहायला मी सगळे खोके मोजून घेतले. गेल्या महिन्यात बारा हजार सहाशे चाळीस होते. सोमवारीही तेवढेच."

"म्हणजे चोरी झालीच नाही!" भाऊजी म्हणाले.

"किंवा तुम्ही म्हणता तशी झाली नाही," स्टेनोबाई म्हणाल्या. "उद्या दुपारी येतो आम्ही."

रेडिओ केंद्राच्या आत सगळे आवाज मऊ होते. भिंतींना जाड कापडाचं अस्तर, जमिनीवर गालिचा, दारांना रबराच्या कडा. भाऊजी खोकले तर खोकलाही कोणीतरी अलगद उचलून नेल्यासारखा विरून गेला.

संग्रह तळघरात होता. छतापर्यंत फळ्या, त्यांवर करड्या रंगाचे खोके, आणि वरच्या झरोक्यातून उतरलेल्या उजेडात तरंगणारी धूळ. मध्ये एका टेबलाशी संग्रहपाल कानांवर हेडफोन लावून बसले होते. ताठ, बारीक, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. केंद्रात त्यांना मोजपट्टी म्हणत, आणि हे त्यांना माहीत होतं.

"तीन मिनिटं थांबा," ते म्हणाले. "टेप मध्येच तोडता येत नाही."

बरोबर तीन मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढले. "विचारा."

"दुपारताईंचा शेवटचा भाग तुम्ही ऐकला होता?"

"मी फळीप्रमाणे जातो. पहिल्या फळीवर शेतीचे कार्यक्रम आहेत, तेच अजून संपले नाहीत. ताईंची फळी सातवी."

"मध्येच कधी उठून दुसऱ्या फळीवर जावंसं नाही वाटत?"

"मला मोजपट्टी म्हणतात, बाई. उगीच नाही म्हणत."

भाऊजी तोवर पूर्ण झालेल्या पत्रकांच्या ड्रॉवरपाशी पोचले होते. वरची काही पत्रकं काढून ते वाचायला लागले आणि त्यांना हसू आवरेना. "वहिनी, ऐका. 'मळ्याची वेळ. मिनिट सात, तज्ज्ञ शिंकतात. मिनिट नऊ, तज्ज्ञ प्रश्न विसरतात. दोष, चौदा सेकंद शांतता.' बिचारा तज्ज्ञ! पुढचं बघा. 'कोंबड्यांचे आजार. मिनिट बारा, पाहुणे पाणी पितात. दोष, अकरा सेकंद शांतता.' पाणीसुद्धा पिऊ देत नाहीत! आणि हे, 'ध्वनिप्रभाव. रिकामी खोली. तेहतीस मिनिटं. दोष, नाही.' वा, इथे कोणी शिंकलं नाही. 'बांधावरची झाडं. मिनिट दोन...'"

"हात स्वच्छ असतील तरच पत्रकांना लावा," संग्रहपाल तुटकपणे म्हणाले.

भाऊजींनी शाळेतल्या पोरासारखी पत्रकं परत ठेवली.

"हे ध्वनिप्रभाव म्हणजे काय?" स्टेनोबाईंनी सहज विचारलं.

"नाटकांना लागणारे आवाज. दार, पाऊस, घोडा. दोन-तीन मिनिटांची रिळं असतात. शेवटची फळी." टेबलावरच्या पेन्सिली त्यांनी एका रेषेत लावल्या. "ताईंबद्दल विचारताय म्हणून सांगतो. मी इथे रुजू झालो तेव्हापासून त्यांनी रोज खिडकी उघडली आणि लावली. एक दिवस चुकला नाही. शेवटच्याच वेळी तेवढी लावायची राहिली."

त्यांनी पुन्हा हेडफोन चढवले.

"मनातून हळवा आहे हो माणूस," जिना चढताना भाऊजी म्हणाले. स्टेनोबाईंची बोटं साडीच्या काठावर लघुलिपीतलं काहीतरी गिरवत होती.

भाची पहिल्या क्रमांकाच्या स्टुडिओत पत्रं चाळत बसली होती. पंचविशीची मुलगी, डोळ्यांखाली काळं, पण आवाज असा की भाऊजींनी एकदा दचकून मागे पाहिलं. हुबेहूब ताईंचा.

"सगळे असेच दचकतात," ती म्हणाली. "आणि मग लिहितात, आवाज तोच पण ताईंची सर नाही. बघा, आजची पाच पत्रं."

"शनिवारी त्या स्वतः ऐकू आल्या असत्या, तर तुलना आणखी झाली असती," स्टेनोबाई म्हणाल्या.

"हो. म्हणूनच टेप गेली म्हटल्यावर मला आधी हायसं वाटलं. मग इतकी लाज वाटली, की त्या दिवशी जेवण गेलं नाही." तिने पत्रं बाजूला सारली. "मावशीने मला सात वर्षांची असल्यापासून वाढवलं. तो भाग मी ऐकला नाही. शेवटी ती कडी लागल्याचा आवाज येईल, तेव्हा आपण काय करू, याचीच मला महिनाभर धास्ती होती."

भाऊजी स्टुडिओच्या चारही भिंतींकडे बघत होते. "अगं, पण ती खिडकी आहे कुठे?"

भाची हसली. कोपऱ्यातून तिने वीतभर लाकडी चौकट आणली. तिला एक झडप आणि पितळी कडी. "ही. इथे कधीच खिडकी नव्हती. मावशी घरून चालत यायची, वाटेत जे दिसेल ते लक्षात ठेवायची आणि इथे बसून सांगायची. ही चौकट मिस्त्रीकाकांनी करून दिली होती."

भाऊजींनी चौकट हातात घेतली. तीस वर्षं आपण हिच्यातून बाहेर बघत होतो, हे त्यांना खरं वाटेना.

मिस्त्री म्हणजे ध्वनिमुद्रक. केंद्रातली प्रत्येक बिघडलेली वस्तू तेच दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव पडलं होतं. साठीला टेकलेला रुंद माणूस, हातांवर जुन्या चटक्यांचे डाग. ते काचेच्या पलीकडे, यंत्रांच्या खोलीत बसले होते. काचेतून समोर ताईंची खुर्ची दिसत होती.

"नव्या पत्रकांना तुमचा विरोध होता म्हणे?" स्टेनोबाईंनी सुरुवात केली.

"आहेच. शांततेला दोष म्हणणाऱ्या कागदाला मी काय हार घालू?"

"शेवटचं ध्वनिमुद्रण तुम्हीच केलंत. कसं झालं होतं?"

"झालं." त्यांनी एक बटण फडक्याने पुसलं. "ठरल्या वेळेपेक्षा तीन-साडेतीन मिनिटं जास्त झालं. कापून वेळेत बसवायचं होतं. ते माझ्याच्याने झालं नाही. म्हणून 'राखीव' लिहिलं."

"त्यात काय होतं, हे कोणाला सांगितलंत?"

"कोणालाही नाही. ताईंच्या भाचीलाही नाही. पत्रकावरही काही लिहिलं नाही."

"त्यांची तब्येत तेव्हा..."

"थकल्या होत्या. पण यायच्या. औषधांनी गुंगी यायची त्यांना. इथली यंत्रं गार ठेवावी लागतात, तो गारवा काचेपलीकडेही जातो. तिला थंडी सोसायची नाही. मी शाल आणून ठेवली होती." ते क्षणभर काचेकडे बघत राहिले. "बाई, टेप सापडेल का?"

"तुम्हाला ती सापडायला हवी आहे?"

"वर्षभर मी तिला हात लावला नाही. आहे एवढं पुरे होतं. आता नाही म्हटल्यावर..."

"सापडेल," स्टेनोबाई म्हणाल्या.

घरी परतताना नदीकाठच्या रस्त्यावर ऊन मावळत होतं. भाऊजींनी हिशेब मांडला. भाचीला तुलना नको होती. मिस्त्रींचा नव्या कारभारावर राग. संग्रहपालांना मात्र काहीच कारण नाही. "मला मिस्त्री वाटतात. पण त्यांचे डोळे पाहिले की वाटत नाही. वहिनी, तुमचं काय?"

"माझ्या मनात एकच गोष्ट घोळतेय. चोराला टेप नको असती, तर ती पुसून टाकायला एक मिनिट पुरतं. हवी असती, तर त्याने घरी नेली असती. इथे दोन्ही झालेलं नाही. भाऊजी, एखादी वस्तू नाहीशीही करायची नाही आणि कोणाला सापडूही द्यायची नाही, असं कोणाला वाटेल?"

"ते उद्या तुम्हीच सांगा," भाऊजी म्हणाले.

शुक्रवारी तीन वाजता सहाही जण पहिल्या क्रमांकाच्या स्टुडिओत जमले. स्टेनोबाई ताईंच्या खुर्चीत बसल्या नाहीत. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दार बंद झालं आणि बाहेरचं जग कापसात गुंडाळल्यासारखं नाहीसं झालं.

"टेप केंद्रातच आहे," त्या म्हणाल्या. "एकही खोका बाहेर गेला नाही, आत आला नाही, आणि संख्या तेवढीच आहे. म्हणजे टेप फळीवर आहे, फक्त तिचं नाव बदललंय. संचालिकाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पत्रक हरवलं की टेप हरवल्यातच जमा. मग पत्रक बदललं तर? खोट्या नावाने टेप वर्षानुवर्षं सुखरूप राहील. म्हणून मी टेप शोधलीच नाही. खोटं बोलणारं पत्रक शोधलं."

"साडेबारा हजारांतून?" संचालिकेने विचारलं.

"नव्या पत्रकांतून. ती आहेत चारशेच. आणि त्यातलं खोटं भाऊजींनी मला काल मोठ्याने वाचून दाखवलं."

"मी?" भाऊजी म्हणाले.

"तुम्हीच. शेतीच्या पत्रकांमध्ये एक ध्वनिप्रभावाचं पत्रक होतं. रिकामी खोली. संग्रहपाल फळीप्रमाणे जातात आणि अजून पहिल्याच फळीवर आहेत. ध्वनिप्रभाव शेवटच्या फळीवर. मग ते पत्रक तिथे आलंच कसं? बरं, ध्वनिप्रभावाची रिळं दोन-तीन मिनिटांची, आणि हे तेहतीस मिनिटांचं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, त्यात मिस्त्रींनी सांगितलेली तीन-साडेतीन मिनिटं मिळवा."

संग्रहपाल समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"किल्ल्या इतरांकडेही आहेत," संचालिका म्हणाली. "ते पत्रक दुसऱ्या कोणी टंकून मध्ये घातलं असेल."

"माझ्याही मनात तेच आलं होतं. पण दुसऱ्या कोणी केलं असतं, तर त्याने नियम पाळला असता. दहा सेकंदांहून जास्त शांतता म्हणजे दोष. रिकाम्या खोलीच्या तेहतीस मिनिटांत तर शांततेशिवाय काहीच नाही! पाहुणा पाणी प्यायला तरी अकरा सेकंद दोष मांडणाऱ्या माणसाने इथे लिहिलं, 'दोष, नाही'. खोटं पत्रक करताना त्यांनी सगळं खोटं लिहिलं, पण तेवढं एक त्यांच्या हातून खोटं लिहवेना. कारण आत काय आहे ते त्यांनी ऐकलं होतं."

"ऐकलं होतं कशावरून?" भाचीने हळूच विचारलं.

"ते म्हणाले, शेवटच्या वेळी खिडकी लावायची राहिली. भाऊजींना ते ताईंच्या जाण्याबद्दल वाटलं. पण तू काल म्हणालीस, शेवटी कडीचा आवाज येणार याची तुला धास्ती होती. तीस वर्षं ऐकणारा कोणीही हेच धरून चालेल. त्या भागात कडी लागत नाही, हे ज्याने तो ऐकला त्यालाच कळणार. मिस्त्रींनी कोणाला सांगितलं नव्हतं. मग उरलं कोण?"

संग्रहपालांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी काढली. पिवळं, छोटं पत्रक. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि तळहाताने सरळ केलं.

"फाडवलं नाही," ते म्हणाले.

"पण का?" संचालिकेचा आवाज चढला. "मी सगळीकडे जाहीर केलं होतं. तुम्हाला माहीत होतं!"

"जाहीर केलंत म्हणूनच. टेप वाजवण्याजोगी आहे का ते पाहायला मी ती काढली. खरं सांगायचं तर मलाही आधी ऐकायची होती. मग ऐकली." ते थांबले. "कारण सांगणार नाही. मला काढून टाका. ते मी न विचारता ऐकलं, तेवढंच पुष्कळ झालं."

"बाई," संचालिका स्टेनोबाईंकडे वळली, "त्या टेपमध्ये आहे काय?"

"मी ऐकली नाही. ती ऐकायचा हक्क माझा नाही."

मिस्त्री इतका वेळ काचेला पाठ लावून उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

"मी सांगतो. मोजपट्टी, तुम्ही बसा. माझ्यासाठी इतकं केलंत, आता बसा." मग ते भाचीकडे बघून बोलायला लागले, इतर कोणी खोलीत नसल्यासारखं. "त्या दिवशी पत्र वाचून झालं. शांतता सुरू झाली. पाऊण मिनिट झालं, ती बोलेना. मी काचेतून बघितलं, तर तुझ्या मावशीला झोप लागली होती. खुर्चीतच, शाल ओढून. मला काच वाजवता आली असती. यंत्र थांबवता आलं असतं. पण महिनाभर तिला धड झोप नव्हती गं. म्हटलं, झोपू दे. टेप फिरत राहिली."

"मग?"

"चार मिनिटं. त्यात श्वास ऐकू येतो तिचा. आणि मग झोपेतच ती म्हणाली, 'अरे, तू जेवलास का?'"

स्टुडिओत काहीच ऐकू येत नव्हतं. यंत्रांची घरघरसुद्धा काचेपलीकडे राहिली होती.

"मी इकडून बटण दाबून बोललो की आत ऐकू जातं. मला भान राहिलं नाही. मी म्हणालो, 'जेवलो. तू झोप.' तेही टेपमध्ये आलं. मग ती जागी झाली, हसली, गाणं लावायला सांगितलं आणि शेवटी म्हणाली, 'आज खिडकी उघडीच राहू दे.'"

भाचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "काका, तुम्ही दोघं तर... सगळ्यांसमोर तुम्ही अहो-जाहोच..."

"सगळ्यांसमोर. नवरा-बायकोला एका केंद्रात ठेवत नाहीत, असा नियम होता तेव्हा. लग्न केलं असतं, तर एकाची बदली झाली असती. तू लहान होतीस, तुला शाळेतून उपटून कुठे नेणार? माझी आई अंथरुणाला खिळलेली. पुढे नियम गेला, आई गेली, तू मोठी झालीस. पण तोवर आम्हाला या काचेची सवय झाली होती. मी इकडे, ती तिकडे. रोज अर्धा तास. वाईट नव्हतं."

"लोकांनी चघळलं असतं," संग्रहपाल खालमानेने म्हणाले. "तीस वर्षांत ज्यांच्याबद्दल कोणी ब्र काढला नाही, त्यांच्याबद्दल शनिवारी सगळ्या गावाने बोलायचं? तुम्हाला विचारायला हवं होतं. पण विचारायचं कसं, मिस्त्री? तुमच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटत होतं मला."

संचालिकेने फाइल मिटली होती. ती पहिल्यांदाच काहीशी लहान दिसत होती.

"शनिवारचं तुम्ही दोघांनी ठरवा," ती मिस्त्री आणि भाचीकडे बघून म्हणाली. "टेप वाजवायची की नाही, कापून की पूर्ण. मी कसलाही आदेश लिहून देणार नाही."

मिस्त्रींनी भाचीकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"पूर्ण," मिस्त्री म्हणाले.

बाहेर पडल्यावर भाऊजी पुढे चालत होते. पुलाच्या मध्यावर ते थांबले. "वहिनी, तुम्हाला मिस्त्रींचं आधीच कळलं होतं ना?"

"त्यांच्या तोंडून एकच शब्द निसटला होता. ताईंबद्दल बोलताना सगळीकडे 'त्या' आणि 'त्यांना'. थंडीचं निघालं तेव्हा 'तिला'. न्यायालयात असते, तर तो शब्द लिहून खाली रेघ मारली असती. पण हे न्यायालय नव्हतं. म्हणून मी ते माझ्याकडेच ठेवलं."

शनिवारी साडेतीनला स्टेनोबाई आणि भाऊजी यंत्रांच्या खोलीत मागच्या बाकावर बसले होते. मिस्त्रींनीच बोलावलं होतं. संग्रहपाल दाराशी ताठ उभे होते. संचालिका शेजारी येऊन बसली, हातात कागद नाही, काही नाही. काचेपलीकडे भाचीने दोन वाक्यांत ओळख करून दिली, आणि टेप फिरायला लागली.

ताईंचा आवाज आला. त्या दिवशी वाटेत त्यांना एक म्हातारा दिसला होता. तो गच्चीवर पांढरे पंखे धुऊन वाळत घालत होता. मग पत्र. मग शांतता. पाऊण मिनिट गेलं, आणखी एक गेलं. भाऊजींना वाटलं, या घटकेला सगळं गाव आपापल्या खोल्यांत, दुकानांत, ओट्यांवर, हातातलं काम थांबवून एका बाईच्या श्वासाकडे कान देऊन बसलंय. ऊन हळूच एक फरशी पुढे सरकलं. कोणीही कूस बदलून तिला उठवू नये, असं त्यांना फार फार वाटलं.

मग तो प्रश्न आला, आणि ते उत्तर. मिस्त्रींनी डोळे मिटले.

गाणं झालं. ताईंचं शेवटचं वाक्य झालं. टेपचं टोक सुटून चाकावर फडफडलं, आणि लाल दिवा भाचीच्या टेबलावर लागला. समाप्तीची घोषणा तिने करायची होती. कार्यक्रमाचं नाव, निवेदन, ध्वनिमुद्रण, रोजच्याच तीन ओळी. तिने समोरचा कागद पालथा केला.

"आपण ऐकत होता, 'खिडकीतलं ऊन'," ती म्हणाली. "निवेदन, माझी मावशी. ध्वनिमुद्रण..."

ती थांबली. काचेतून तिने सरळ पलीकडे पाहिलं.

"ध्वनिमुद्रण, माझे मावसोबा."

आवाज खाली आणायची मूठ मिस्त्रींच्या हातात होती. ती त्यांच्याकडून बराच वेळ खाली येईना.